फॉलमध्ये लाल रंग हवाय? बर्निंग बुश नको, ब्लूबेरी लावा

ऑक्टोबरात शेजाऱ्याच्या यार्डातलं बर्निंग बुश लालभडक झालं की आपल्याकडे पण तेच पाहिजे असं इथे न्यू जर्सीत घरोघरी कोणीतरी म्हणतंच. पण ते नका लावू. मूळ पूर्व आशियातलं झाड, पक्षी बिया नेतात आणि मग ते जंगलात माजतं, मॅसॅच्युसेट्स नि न्यू हॅम्पशायरमध्ये तर विकायलाच बंदी आहे.

त्यापेक्षा हायबुश ब्लूबेरी लावा. अस्सल इथलंच झुडूप, बाजारासाठी लावलेल्या ब्लूबेरीचं पहिलं पीक निघालं तेच मुळी न्यू जर्सीच्या व्हाइट्सबॉगमध्ये, १९१६ साली, तिथल्या शेतमालकाची मुलगी एलिझाबेथ व्हाइट आणि सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्या खटपटीमुळे. स्प्रिंगला पांढरी फुलं, समरला फळं, वर फॉलला लाल पानं.

सगळी गोम मातीत आहे. हिला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४.५ ते ५ च्या आसपास, आणि आपल्या लॉनमध्ये बऱ्याचदा आधीच्या मालकाने चुना ओतलेला असतो. म्हणून पहिले माती टेस्ट करा, रटगर्स युनिव्हर्सिटीची सॉइल लॅब करून देते. पीएच जास्त आला तर रिपोर्टमध्ये सांगतील तेवढं गंधक मातीत मिसळा, पण गंधकाचं ॲसिड मातीतले जीवाणू करतात, त्याला महिने लागतात, त्यामुळे गंधक आत्ता फॉलमध्येच घाला आणि रोपं एप्रिलमध्ये. घाई केलीत तर शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळं, मग लाल रंग कसला येतोय! चहा-कॉफीच्या चोथ्याने पीएच उतरत नाही, व्हॉट्सॲपवर काहीही येऊ दे. फायरपिटची राख तर अजिबात नको, ती उलटी चुन्यासारखी वागते.

जागा निदान सहा तास उन्हाची बघा, सावलीत रंग फिका पडतो. ब्लूक्रॉप, ड्यूक अशा दोन जाती जवळजवळ लावल्या की फळ चांगलं धरतं.

ज्यांच्याकडे आधीच झुडपं आहेत त्यांनी आता खत टाकू नका, कोवळी फूट येते आणि थंडीत जळते. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत चालू ठेवा. मुळं वरवरच असतात, खुरपं चालवू नका, त्याऐवजी पाइन बार्कचा तीन-चार इंच थर द्या. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आत्ता टोकाला ज्या गुबगुबीत कळ्या दिसतायत ती पुढच्या वर्षीची फळं आहेत. आणि थँक्सगिव्हिंगच्या आत भोवती तारेची जाळी मारून घ्या, हिवाळ्यात ससे फांद्या कुरतडतात, हरणं पण सोडत नाहीत.