ब्लिट्झ वाचायला शिकताना: नजर मागे थांबलेल्या लाइनबॅकरवर ठेवा

एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) सामने बारकाईने पाहायला नव्याने लागलेल्यांची नजर ब्लिट्झच्या वेळी, म्हणजे क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त बचावपटू सोडले जातात तेव्हा, हमखास धावून जाणाऱ्या खेळाडूवर खिळते. साहजिकच आहे, तोच सगळ्यात वेगाने हलत असतो. पण ब्लिट्झ फळणार की अंगाशी येणार, हे बहुतेक वेळा न धावलेला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) ठरवतो. क्वार्टरबॅक घाईने चेंडू टाकणार हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. त्या घाईच्या चेंडूच्या वाटेत कोण उभं आहे, एवढाच प्रश्न उरतो. टेप पाहून चार्टिंग (प्रत्येक डावाची नोंद) शिकणारे, अमेरिकेत शिकता शिकता कॉलेजच्या संघाकडे विद्यार्थी सहायकाचं काम मागणारे आणि एनएफएलच्या डेटावरच्या बिग डेटा बोलसारख्या स्पर्धेत उतरू पाहणारे, अशांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. खेळाचे मूळ नियम ठाऊक आहेत असं गृहीत धरतो.

आधी हिशेब पक्का करा. आक्रमणाच्या ११ जणांत ५ लाइनमन आणि एक क्वार्टरबॅक सोडला तर पास झेलायला ५ जण उरतात. बचावाने ४ रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) पाठवले तर ५ जणांवर ७ जण, म्हणजे दोन माणसं जादा. ५ पाठवले तर एक जादा. ६ पाठवले तर ५ वर ५, खोलवर राखणीला कुणीच नाही. यालाच कव्हर झिरो म्हणतात. ७ पाठवायचे तर समोरच्याने निदान एक माणूस ब्लॉकिंगला मागे ठेवलाच पाहिजे, नाहीतर एक रिसीव्हर सरळ मोकळा. क्रिकेटमध्ये स्लिपला चौथा माणूस लावला की तो कुठून काढला हे फलंदाज आधी पाहतो, तसंच क्वार्टरबॅक इथे पाहतो.

सर्वसाधारणपणे ५ किंवा त्याहून जास्त रशर आले की ब्लिट्झ मोजतात. नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. लाइनबॅकर धावून आला पण त्याच्या बदल्यात डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या फळीच्या टोकाचा खेळाडू) मागे गेला, तर रशर चारच राहिले. याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात आणि ते ब्लिट्झच्या रकान्यात जात नाही. गेल्या काही वर्षांत असे डाव इतके वाढलेत की निव्वळ ब्लिट्झची टक्केवारी पाहून एखाद्या कोऑर्डिनेटरबद्दल (बचावाचे डाव आखणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल) मत बनवू नये.

आता ए-गॅपमधला दुहेरी ‘मग’ (mug) पवित्रा. सेंटरच्या डाव्या-उजव्या हाताला, गार्डच्या आत जी फट असते तो ए-गॅप. दोन लाइनबॅकर त्या दोन फटींत थेट स्क्रिमेजवर येऊन उभे राहतात. फिलाडेल्फिया ईगल्सचे जिम जॉन्सन आणि पुढे मिनेसोटा वायकिंग्जचे माइक झिमर यांनी हा पवित्रा नावारूपाला आणला. झिमरकडे एरिक केन्ड्रिक्स आणि अँथनी बार ही जोडी होती. गंमत अशी की या दोघांपैकी एकही स्नॅपनंतर पुढे गेला नाही तरी निम्मं काम झालेलं असतं.

कसं ते पाहा. हाफ-स्लाइड प्रोटेक्शनमध्ये सेंटर आणि एका बाजूचे गार्ड-टॅकल मिळून त्या बाजूला सरकतात आणि आपापला गॅप राखतात. दुसऱ्या बाजूचे गार्ड-टॅकल समोरचे दोन लाइनमन धरतात. त्या बाजूने आणखी कुणी आलं तर ते रनिंग बॅकच्या वाट्याला, आणि दोघं आले तर त्याने आधी आतला घ्यायचा, कारण आतली वाट सगळ्यात जवळची. ए-गॅपमध्ये दोघं उभे आहेत म्हटल्यावर सेंटर एकालाच घेऊ शकतो. दुसरा रनिंग बॅककडे. त्याच बाजूने निकेल, म्हणजे स्लॉटवरचा (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेवरचा) पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, धावून आला की एका रनिंग बॅकसमोर दोन माणसं झाली. तो आतल्याकडे जातो, निकेल मोकळा सुटतो.

पण निकेल मोकळा सुटला म्हणजे ज्याला सोडून तो आला तो स्लॉट रिसीव्हरही मोकळा. क्वार्टरबॅकचं उत्तर ठरलेलं आहे: जिथून माणूस आला तिथेच चेंडू टाकायचा, हॉट रूट. तीन पावली ड्रॉपमधून (तीन पावलं मागे जाऊन) चेंडू दीड-पावणेदोन सेकंदांत सुटतो, आणि बाहेरून येणारा निकेल त्याआधी पोचेलच असं नाही. म्हणून मागे फिरणाऱ्या ‘मग’ लाइनबॅकरने नेमकी तीच खिडकी बंद करायची असते. एरवी लाइनबॅकर स्क्रिमेजपासून साडेचार-पाच यार्डांवर उभा असतो आणि हुक झोनमध्ये (मैदानाच्या मध्याजवळच्या राखायच्या जागेत) १० ते १२ यार्डांपर्यंत जातो. ‘मग’मधून त्याची सुरुवात शून्यावरून होते. तेवढ्या वेळात १० यार्ड गाठणं कुणालाच जमत नाही, म्हणून त्याने खोलीच्या मागे लागू नये. ५-६ यार्डांवर स्लँटच्या (रिसीव्हरच्या आत तिरक्या धावेच्या) रेषेत यावं, हात वर, नजर क्वार्टरबॅकच्या खांद्यावर. पाठ न फिरवता उलट्या पावलांनी धावणारा इथे हरतो. कंबर ज्या बाजूला रिसीव्हर जास्त त्या बाजूला उघडायची आणि आडवं धावायचं. टेपवर हे सहज कळतं: पहिल्या दोन पावलांत कंबर वळली नाही तर चेंडू बहुधा त्याच्या कानाजवळून जातो.

फायर झोन हा झोन ब्लिट्झचा (धावून जाणाऱ्यांच्या मागे माणसांऐवजी जागा राखणाऱ्या ब्लिट्झचा) प्रकार दुसरा मोठा धडा, आणि लाइनबॅकरचं कव्हरेज शिकायला याहून चांगला डाव नाही. डिक लबो यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सकडे झोन ब्लिट्झला आकार दिला आणि पुढे पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये ती संघाची ओळख बनली. मांडणी अशी: ५ रशर, मागे खोलवर ३, आणि मध्ये ३. एका बाजूने दोन लाइनबॅकर येतात, लाइनमन तिरके कापत जातात, आणि दुसऱ्या बाजूचा एंड किंवा बाहेरचा लाइनबॅकर ब्लॉकरला सोडून मागे जातो. पाच ब्लॉकर असूनही एका बाजूला माणूस कमी पडतो आणि दुसऱ्या बाजूचा टॅकल रिकाम्या हवेला ब्लॉक करत राहतो.

मधल्या तिघांचा हिशेब मात्र कठीण आहे. मैदान ५३⅓ यार्ड रुंद. साध्या कव्हर टूमध्ये (खोलवर दोघं राखणीला) खालच्या फळीत ५ जण असतात, म्हणजे प्रत्येकी साधारण पावणेअकरा यार्ड. फायर झोनमध्ये तिघंच, म्हणजे प्रत्येकी जवळपास १८ यार्ड. एवढी जागा कुणी राखूच शकत नाही. म्हणून जागा न राखता माणसं मोजतात. दोन्ही बाजूंना रिसीव्हर बाहेरून आत १, २, ३ असे मोजायचे. बाजूच्या दोघांचं काम सीम (सरळ वर जाणारी वाट), मग कर्ल (वर जाऊन क्वार्टरबॅककडे वळणारी धाव), मग फ्लॅट (कडेची उथळ जागा), याच क्रमाने. क्रमांक २ सरळ वर गेला तर त्याच्या आतून त्याला चिकटून जायचं. तो बाहेर फ्लॅटकडे वळला तर लगेच त्याच्यामागे न धावता आधी क्रमांक १ चा कर्ल झाकायचा आणि चेंडू सुटल्यावरच फ्लॅटवर झेप घ्यायची. फ्लॅटमधला ४ यार्डांचा पास देऊन टाकलेला असतो, तो झेलणाऱ्याला तिथेच पाडायचं. मधला लाइनबॅकर क्रमांक ३ वर. क्रमांक ३ वर गेला तर त्याच्यासोबत, बाहेर गेला तर तो शेजाऱ्याच्या हवाली करून आतून आडवा येणारा पुढचा रिसीव्हर शोधायचा.

बिघडतं कुठे? बहुतेकदा दोन ठिकाणी. एक, बाजूचा माणूस फ्लॅटला भुलून आधीच उडी मारतो आणि त्याच्या पाठीमागे १२ यार्डांवर कर्ल मोकळा. दुसरं, तीन रिसीव्हर एकाच बाजूला असतात आणि मागे जाणारा १२० किलोचा एंड नेमका त्याच बाजूला निघतो. चपळ स्लॉट रिसीव्हरच्या आतून सीममध्ये धावणं त्याला झेपत नाही. चांगले संघ अशा वेळी स्नॅपआधी हाक देऊन ब्लिट्झची बाजू पालटतात किंवा डावच रद्द करतात. टेपवर तीन रिसीव्हरांची मांडणी दिसली की बचावातले हातवारे पाहत जा.

मागे जाणाऱ्या रशरचं मोल काय, ते १ फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये दिसलं. पूर्वार्ध संपायला १८ सेकंद, ॲरिझोना कार्डिनल्स स्टीलर्सच्या १ यार्डाच्या रेषेवर. जेम्स हॅरिसनचं काम धावून जायचं होतं. चेंडू झटपट सुटणार हे ओळखून तो एक पाऊल पुढे टाकल्यासारखं करून आत मागे सरकला. कर्ट वॉर्नरने अँक्वान बोल्डिनच्या स्लँटवर टाकलेला चेंडू थेट त्याच्या हातात आला आणि १०० यार्ड धावून टचडाउन झाला. स्टीलर्सनी सामना २७–२३ जिंकला. एक सावधगिरी: हॅरिसनने दिलेलं काम सोडलं होतं. अनुभवी खेळाडूला ते शोभलं. शिकाऊ लाइनबॅकरने असं केलं तर त्याच्या गॅपमधून टचडाउन जाण्याचीच शक्यता जास्त.

मॅन कव्हरेजमध्ये (एकेका रिसीव्हरमागे एकेक बचावपटू) लाइनबॅकरच्या वाट्याला बहुधा रनिंग बॅक येतो. कव्हर वनमध्ये (मॅन कव्हरेज, खोलवर एकच माणूस) रनिंग बॅक ब्लॉकिंगला थांबला तर लाइनबॅकर रशमध्ये सामील होतो, त्याला ग्रीन डॉग म्हणतात. इथला सापळा असा की रनिंग बॅक ब्लॉक केल्याचं नाटक करून स्क्रीनसाठी (ब्लॉकरांच्या आडून दिलेल्या छोट्या पाससाठी) हळूच निसटतो. म्हणून रिकाम्या फटीतून सुसाट जाण्याऐवजी लाइनबॅकरने त्या रनिंग बॅकच्याच अंगावर जायचं, म्हणजे तो निसटूच शकत नाही. अँगल रूटवर, म्हणजे फ्लॅटकडे जातोसं दाखवून आत कापणाऱ्या रनिंग बॅकवर, मध्ये मदतनीस नसेल तर त्याच्या आतल्या बाजूनेच जायचं. बाहेरून गेलात तर मधलं मैदान त्याला आंदण.

धक्काबुक्कीची मुभा पहिल्या ५ यार्डांपुरतीच. पुढे क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पॉकेटमध्ये असताना रिसीव्हरला अडवलं तर ५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. थर्ड डाउनला १५ यार्ड हवे असताना या एका हाताच्या चुकीने अख्खा ब्लिट्झ वाया जातो.

वेळेचंही गणित आहे. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या, हिरवा ठिपका असलेल्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाच्या सूचना ऐकायला रेडिओ असतो. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतरचे सगळे बदल हाक आणि खुणांवर. बहुतेकदा हा माणूस लाइनबॅकरच असतो.

टेप पाहण्याची शिस्त. भारतात रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. ते आनंदासाठी पाहा, अभ्यासासाठी नको. प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यात सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) चौकटीबाहेर जातात. २२ खेळाडू दिसणारं ऑल-२२ चित्रण मिळवा, सोबत एंड झोनमागचा कोन हवाच. डाउन आणि अंतर, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या खुणांच्या दोन ओळींपैकी कोणत्या), खोलवर सेफ्टी किती, हे स्नॅपआधी लिहून ठेवा. मग तोच डाव चार वेळा: एकदा फक्त सेंटरचं पहिलं पाऊल, एकदा रनिंग बॅक, एकदा रशर मोजत, आणि शेवटी एकच लाइनबॅकर धरून, त्याची कंबर आणि नजर. कव्हरेजचं नाव शेवटी लिहा. आधी नाव लिहिलं की डोळे तेच शोधत बसतात. सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर फ्रेड वॉर्नर घ्या. तो रिसीव्हरकडे न पाहता त्याच्या वाटेत कसा पोचतो हे पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. ब्लिट्झच्या रचनेसाठी कॅन्सस सिटीचे बचाव कोऑर्डिनेटर स्टीव्ह स्पॅग्नुओलो पाहा.

डेटावर काम करणाऱ्यांसाठी: एनएफएलचा ट्रॅकिंग डेटा खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून सेकंदाला १० नोंदी देतो. ‘मग’ पवित्र्यातला लाइनबॅकर हूल देण्यासाठी आधी पुढे झुकतो, त्यामुळे पहिल्या २-३ नोंदींवरून त्याला रशर ठरवू नका. स्नॅपनंतर एक सेकंदाने त्याने स्क्रिमेज ओलांडली का ते पाहा. ग्रीन डॉग त्यानंतर ओलांडतो, त्याला वेगळा रकाना द्या. २०२३ च्या बिग डेटा बोलच्या डेटात पास डावांवर प्रत्येक खेळाडू रश करतोय, कव्हरेजमध्ये आहे की ब्लॉक करतोय याची नोंद होती. आपलं चार्टिंग तिच्याशी ताडून बघा, आणि जिथे जुळत नाही ते डाव आधी उघडा.