चाळीस अर्ज, एकच ताप

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा प्रौढांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा कोणाला कोणत्या बॅचमध्ये बसवायचं हे ठरवायला मी चाचणी घेतली. विषय सोपा, रजेचा अर्ज. चाळीस पेपर आले आणि चाळिसांनाही ताप आलेला! ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.’ शाळेत पाठ केलेला अर्ज पंधरा-वीस वर्षांनीही जसाच्या तसा उतरला होता. एका ताईंच्या अर्जात एकही चूक नव्हती म्हणून मी त्यांना थेट वरच्या बॅचला बसवलं. पहिल्याच आठवड्यात ‘काल कामावर काय झालं, पाच ओळी लिहा’ म्हटलं, तर वही कोरी. ‘मॅडम, मला अर्ज येतो की,’ त्या म्हणाल्या. खरंच होतं. त्यांना अर्जच येत होता. दहा दिवसांनी त्यांना खालच्या बॅचला पाठवताना मला जी लाज वाटली, ती त्यांना वाटू नये म्हणून काय काय सबबी सांगितल्या ते विचारू नका.

प्रौढांचं इंग्रजी लेखन तपासण्याचं हे काम तुम्ही नव्याने हाती घेत असाल, तर पहिली गोष्ट ही की पाठ करून लिहिता येईल असा विषय देऊ नका. अर्ज नको, ‘माझा आवडता सण’ नको. ज्याचं उत्तर फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत आहे, असं काहीतरी विचारा. टॉवेल कारखान्यातल्या माणसाला विचारा, माग मध्येच बंद पडला तर आधी काय करता?

त्याच्याही आधी अर्धं पान त्यांच्या भाषेत लिहून घ्या. हे मी फार उशिरा शिकले. सोलापुरात ‘त्यांची भाषा’ हेच मुळात कोडं आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, शेजार कन्नड किंवा उर्दू. तेलुगू अस्खलित बोलणारे, पण तेलुगू अक्षर न ओळखणारे कितीतरी जण माझ्याकडे येतात. म्हणून अक्षरं कोणत्या भाषेत शिकलात, असं विचारायचं आणि त्या भाषेत लिहायला सांगायचं. जो मराठीतही चार ओळींच्या पुढे जात नाही, त्याची अडचण इंग्रजी नाही, लिहिणं ही आहे. दहा-दहा वर्षं पेन न धरलेला हात वीस मिनिटांत दुखायला लागतो. तो दुखणारा हात मी कितीतरी दिवस ‘कच्चं व्याकरण’ म्हणून मोजत होते.

आता गुण देण्याबद्दल. एका एक्स्पोर्टवाल्याकडच्या कारकुनाने सरावासाठी गिऱ्हाइकाला मेल लिहिला होता : ‘सर, टॉवेल रेडी. ब्लू कलर शॉर्ट. ट्वेंटी बॉक्स गो टुडे, रिमेनिंग ट्यूसडे. सॉरी.’ मी 20 पैकी 7 दिले. माझ्या सहकारी मॅडमनी त्याच कागदाला 14 दिले. आम्ही तासभर भांडलो. त्यांचं म्हणणं एवढंच की गिऱ्हाइकाला जे हवंय, काय निघालं, काय राहिलं, कधी येणार, ते सगळं इथे आहे. मी चुका मोजत होते, त्या काम झालं का ते बघत होत्या.

त्या भांडणातूनच आम्ही गुणांचे खण पाडले. 1981 मध्ये अमेरिकेत तयार झालेली एक जुनी पट्टी यासाठी उपयोगी पडते. 100 पैकी आशयाला 30, मांडणीला 20, शब्दसंपत्तीला 20, भाषेच्या वापराला 25, आणि स्पेलिंग-विरामचिन्हांना फक्त 5. त्या 5 कडे नीट बघा, कारण आपली लाल शाई सगळी तिथेच सांडते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनालाही चार निकष आहेत आणि व्याकरण हा त्यातला एकच. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स आमच्याकडे येतात, त्यांना हे सांगावंच लागतं : 60 मिनिटांत दोन लेखनं, पहिलं किमान 150 शब्दांचं, दुसरं 250 चं, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. तरी बहुतेकजणी पहिल्यावरच चाळीस मिनिटं घालवतात.

सगळ्या चुका सारख्या नसतात. मराठी, तेलुगू, कन्नड यांपैकी कशातच इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद नाही, त्यामुळे ते गळणारच. गळालं तरी अर्थ कळतो. पण ‘लूम स्टॉप’ असं कोणी नोंदवहीत लिहिलं, तर माग बंद पडला की बंद केला? पुढच्या पाळीतल्या माणसाला हा फरक कळायलाच हवा. अर्थ अडवणारी चूक मी आधी धरते, बाकीच्या सोडते. व्याकरणाच्या दुरुस्त्यांचा काही उपयोग होत नाही, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये मांडलं आणि त्याच विषयाच्या अभ्यासक डाना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला विरोध केला. तो वाद वाचण्यासारखा आहे. माझं मत मधलं : एका कागदावर दोनच प्रकारच्या चुकांवर खूण करायची. पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांना मी लालेलाल पान परत दिलं होतं, ते पुन्हा वर्गात आले नाहीत.

पेपरवर नाव नको, नंबर घाला. ओळखीचा चेहरा आठवला की हात सैल सुटतो. दोघांनी वेगवेगळे तपासा. कमी, मध्यम, चांगला असे पाच नमुना पेपर आधी ठरवून समोर ठेवा, आणि एका बैठकीत पंधराच्या वर तपासू नका. सोळाव्यावर निष्कारण राग निघतो.

आणि जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका, वर्गात कोणी नसतं. त्या खालच्या बॅचला गेलेल्या ताईंनी यात्रा संपल्यावर आपणहून अकरा ओळी लिहून आणल्या. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेत, त्यांचा मुलगा हरवला होता आणि पाळण्याजवळ सापडला. तीन ठिकाणी काळ चुकला होता, ‘द’ तर एकदाही नव्हता. मी मात्र मुलगा सापडेपर्यंत पेन उचललं नाही.