इंदुरात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी कशी वापरावी: रोजची निगा आणि पावसाळ्यानंतरच्या रविवारच्या वाटा

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घेतली, म्हणजे ती कुठेही जाईल, असा समज शोरूममधूनच आपल्यासोबत घरी येतो. माळव्यात हा समज पहिल्या पावसाळ्यातच तपासला जातो, कारण इथली काळी माती ओली झाली की चाके किती ओढतात यापेक्षा टायर मातीला किती धरतो हाच खरा प्रश्न उरतो. चारही चाकांची ओढ गाडीला जागेवरून हलवते आणि चढावर नेते. ब्रेक लावल्यावर मात्र ती दोन चाकांच्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही आणि वळणावरही टायरची पकड सुटली की सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात. म्हणून या लेखात गाडी चालवण्याच्या कसबाइतकीच जागा टायरांना आणि मातीला दिली आहे.

आधी आपल्या गाडीची पद्धत ओळखावी

बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि पुढची चाके घसरू लागली की मधला क्लच मागच्या चाकांना आपोआप ताकद पोहोचवतो. मारुती ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आवृत्ती या प्रकारातली असून तिच्यात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक अशा चार पद्धती आहेत. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ जिम्नीत, चालक स्वतः लिव्हर ओढून दोन चाकांवरून (2एच) चार चाकांवर (4एच) जातो आणि त्याखाली अतिशय संथ पण जोरकस असा 4एल गिअरही असतो.

हा फरक कागदावरचा नाही. जिम्नीसारख्या गाडीत पुढचा आणि मागचा आस घट्ट जोडला जातो. कोरड्या डांबरावर 4एचमध्ये वळण घेतले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, जोडणी ते करू देत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. त्यामुळे अशी गाडी राजेंद्र नगर ते राजवाडा या रोजच्या फेरीत 2एचमध्येच ठेवावी. पहिल्या प्रकारच्या गाडीत शहरात ऑटो पुरेसे असते. लॉक हे चिखल, वाळू किंवा निसरड्या चढावर, कमी वेगात आणि थोड्या वेळापुरते वापरायचे बटण आहे. गाडीसोबत आलेली पुस्तिका बहुतेक जण हातमोजांच्या कप्प्यात कोरी ठेवून देतात, पण तिच्यातील या विषयाची चार-पाच पाने मात्र एकदा नीट वाचावीत.

चारही टायर एकसारखे ठेवावेत

रोजच्या निगेत सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट ही आहे. दोन टायर झिजले, तर दोनच बदलू, ही काटकसर साध्या गाडीत चालून जाते. या गाडीत ती महागात पडते. हिशेब करून पाहावा. 215/60 आर17 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 690 मिलिमीटर असतो. नव्या टायरची नक्षी सुमारे 8 मिलिमीटर खोल धरली आणि जुन्याची 3 मिलिमीटर उरली असेल, तर जुन्या चाकाची त्रिज्या 5 मिलिमीटरने कमी झालेली असते. एका किलोमीटरमध्ये नवे चाक साधारण 461 फेरे घेते आणि जुने 468. सात फेऱ्यांचा हा फरक गाडीच्या संगणकाला चाक घसरल्यासारखा भासू शकतो, मधला क्लच विनाकारण काम करत राहतो आणि तापतो. देवासपर्यंत आणि परत एवढ्या एका फेरीतच हे फेरे शेकड्यांत जातात.

यावर उपाय सोपा आहे. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, म्हणजे बहुधा दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला, चाकांची अदलाबदल करून घ्यावी, चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे ठेवावेत आणि बदलायची वेळ आली की चारही एकत्र बदलावेत. टायरच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची खूण दाखवतात. नक्षी त्यांच्याबरोबर सपाट झाली, तर टायर संपला असे समजावे. चिखलाच्या वाटांचा विचार असेल, तर इतकी वाट पाहू नये. स्टेपनी लहान आकाराची असेल, तर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत आणि तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या आतच चालवावी.

हवेचा दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावा. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी गाडी चालवून आल्यावर मोजले, तर आकडा वाढलेला दिसतो आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा मोठ्या उत्साहाने हवा काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचे निघतात. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो पाहावा.

सर्व्हिसिंगच्या वेळी दोन ओळी लिहून घ्याव्यात

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. या गाडीत मागच्या आसाच्या डिफरन्शियलचे (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) आणि ट्रान्सफर केसचेही (पुढच्या-मागच्या आसांत ताकद वाटणारी पेटी) ऑइल असते, आणि ते कधी बदलायचे हे पुस्तिकेतच दिलेले असते. जॉब कार्डवर या दोन गोष्टी आपण स्वतः लिहायला सांगाव्यात, कारण दोन चाकांच्या गाड्यांची सवय झालेला मेकॅनिक त्या सहज विसरतो. खोल पाण्यातून गाडी गेली असेल, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता ही ऑइले तपासून घ्यावीत. ऑइल दुधट दिसले, तर आत पाणी शिरले आहे. धुळीच्या वाटांवर फिरणाऱ्यांनी एअर फिल्टरही लवकर बदलावा. गाडी बंद पडली, तर दोन चाके उचलून ओढत नेण्याला परवानगी देऊ नये, चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरच ती चढवावी.

पुढे लोखंडी बुल गार्ड लावण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते, आणि ते असेही अनावश्यक आहेत.

वाट निवडावी ती सोप्यापासून कठीणाकडे

पहिल्या काही रविवारी डांबर न सोडताही गाडी शिकता येते. महूच्या पुढे जानापावची टेकडी आहे, चंबळचा उगम तिथलाच मानतात. वर जाणाऱ्या घाटात संथ वळणे, चढ आणि उतार यांचा चांगला सराव होतो. महू ते मंडलेश्वर रस्त्यावरचा जाम दरवाजा, जिथून विंध्याची कड संपून खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो, हा दुसरा टप्पा. या घाटांत उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात मालट्रकांच्या मागे अडकल्यावर ही सवय विशेष उपयोगी पडते.

त्यानंतर चोरलच्या बाजूच्या कच्च्या वाटा घ्याव्यात, आणि त्या दसऱ्यानंतर घ्याव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हिरवळ मोहात पाडते, पण त्याच महिन्यांत माती सर्वांत वाईट असते आणि शेतांत सोयाबीन उभे असते. बांधावरून किंवा पिकातून गाडी घालणे हा उद्दामपणा आहे, साहस नव्हे. जंगल खात्याच्या हद्दीत आत जाण्याआधी परवानगी लागते का, हे नाक्यावर विचारून घ्यावे. घरी कुणाला तरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, शक्यतो दोन गाड्यांनी जावे.

मातीची परीक्षा खाली उतरून करावी

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसून तिला हाताएवढ्या भेगा पडतात. पावसानंतर दोन दिवस ऊन पडले, की वर पापडी धरते आणि वाट कोरडी भासते. चालकाने इथेच उतरावे. टाच जोरात दाबून पाहावी; पापडी मोडून बूट आत गेला, तर खालचा थर ओला आहे. मग मूठभर माती घेऊन दोन तळव्यांमध्ये वळावी. शेवेसारखी बारीक वळी न तुटता होत असेल, तर गाडीला त्या मातीचा काहीही भरवसा नाही: दहा-पंधरा फेऱ्यांतच टायरच्या खाचा तिने भरतील आणि नक्षीदार टायर गुळगुळीत होईल. अशा वेळी लॉकचे बटण दाबून उपयोग नसतो, कारण चारही चाके एकाच वेळी घसरतात. वळी तुटत असेल, माती रेताड किंवा मुरमाड असेल, तर जाता येते. वाटेवर ताजे ट्रॅक्टरचे चरे दिसले म्हणून धीर करू नये. ट्रॅक्टरची चाके आपल्या चाकांपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि त्याचे पोट उंचावर असते.

पाण्याबाबतचा नियम याहून कडक ठेवावा. इकडे नाल्यांवर जे ठेंगणे रपटे असतात, त्यांच्यावरून पाणी वाहत असेल, तर ते उतरेपर्यंत थांबावे. सुमारे 30 सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडी उचलू शकते आणि 60 सेंटिमीटर पाणी मोठ्या एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकते. डोंगरात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. 2011 च्या जुलैत पाताळपाणीला अशाच वाढलेल्या प्रवाहात माणसे वाहून गेली होती. महेश्वर आणि मंडलेश्वरच्या बाजूला नर्मदेच्या पात्रातील वाळूवरही गाडी उतरवू नये, कारण वरच्या ओंकारेश्वर धरणातून पाणी सोडले की पातळी वाढते. साचलेल्या, थांबलेल्या पाण्यातून जावेच लागले, तर आधी काठीने खोली पाहावी, चाकाच्या निम्म्यापेक्षा खोल असेल तर परतावे आणि गिअर न बदलता संथ, सलग गतीने पार व्हावे. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी शिरले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि अशा नुकसानीची भरपाई विम्यात बहुधा वेगळा इंजिन संरक्षण पर्याय घेतला असेल तरच मिळते.

रुतलीच तर

सामान आधीच गाडीत असावे: हवा मोजण्याचा गेज, बारा व्होल्टचा कंप्रेसर, रुंद ओढपट्टा आणि तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या (शॅकल), लहान फावडे, चार रिकामी पोती, हातमोजे, टॉर्च, पिण्याचे पाणी. टूलकिटमधला स्क्रूने बसणारा ओढहूक जागेवर आहे का, हे घरीच पाहून ठेवावे.

चाक जागच्या जागी फिरू लागताच ऍक्सिलरेटर सोडावा. हा एक क्षण सगळ्यात निर्णायक असतो, कारण काळ्या मातीत आणखी अर्ध्या मिनिटाच्या फिरण्याने गाडी पोटावर बसते आणि मग चारही चाके हवेत असल्यासारखी निरुपयोगी होतात. प्रथम, आलेल्या चाकोरीतूनच रिव्हर्स घेऊन पाहावे. जमले नाही, तर स्टिअरिंग सरळ करून चारही चाकांपुढची माती उतार होईल अशी उपसावी, पोती चाकांखाली दाबून घालावीत, टायरची हवा 20 ते 22 पीएसआयपर्यंत कमी करावी आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच सुरुवात करावी. गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करण्याचे बटण असेल आणि इंजिनाची ताकद मध्येच कापली जात असेल, तर ते बंद करून एक प्रयत्न करावा.

तेवढ्यावर न निघाल्यास जवळच्या शेतातील काकांना ट्रॅक्टरसाठी विनंती करावी. माळव्यात नकार क्वचितच मिळतो, मात्र डिझेलचे पैसे न विचारता द्यावेत. पट्टा ओढहुकालाच लावावा, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला झटका न देता संथ ओढायला सांगावे. पट्टा ताणलेला असताना कुणीही त्याच्या रेषेत उभे राहू नये. मुलांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर बाजूला न्यावे. रस्त्यावरच्या मदतीच्या अनेक योजना पक्क्या रस्त्यापर्यंतच येतात, तेव्हा आपल्या योजनेत काय लिहिले आहे हे निघण्यापूर्वीच वाचलेले बरे.

परत आल्यावर

डांबर लागताच कंप्रेसरने हवा पूर्ववत भरावी. कमी हवेच्या टायरवर महामार्गाच्या वेगाने गाडी नेली, तर टायर तापून फुटू शकतो. ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत. घरी आल्यावर, माती वाळून सिमेंटसारखी घट्ट होण्यापूर्वी, चाकांच्या आतली बाजू, खालचा भाग आणि रेडिएटरच्या जाळ्या पाण्याने धुवाव्यात. रेडिएटरवर जोराचा फवारा मारू नये, त्याचे पातळ पत्रे वाकतात. चाकाच्या रिममध्ये मातीचा गोळा अडकून राहिला, तर दुसऱ्या दिवशी सुपर कॉरिडॉरवर वेग घेताच स्टिअरिंग थरथरते, आणि लोक थेट अलाइनमेंटवाल्याकडे जातात. आधी रिमच्या आत हात घालून पाहावा. सकाळी गाडी काढण्यापूर्वी खाली वाकून एकदा जमिनीकडे पाहावे. ऑइलचा ताजा डाग असेल, तर त्या दिवशी कार्यालयात स्कूटरने जावे.