बेडफर्डचं दार का उघडत होतं? माझा अनुभव

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी लाकडी बांधणीची, बेडफर्ड या ब्रिटिश कंपनीची बस होती. त्याच काळातली एक बेडफर्ड ओबी मॉडेलची बस माझ्याकडे आली, तेव्हा मला धास्ती होती इंजिनाची. पण सहा सिलिंडरचं ते साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन कार्बोरेटर साफ केल्यावर चालू झालं.

दुखणं निघालं दाराचं. चालताना ते आपोआप उघडायचं. बिजागऱ्या बदलल्या, कडी बदलली, तरी तेच. शेवटी खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा काढून दाराशेजारच्या लाकडी खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला! खिडकीतून झिरपलेलं पाणी पत्र्याआड साचून लाकूड कुजलं होतं आणि सांगाडा झुकत होता.

अख्खा खांब बदलू नका. जुनं लाकूड जितकं वाचेल तितकी गाडी खरी राहते, असं मला मनापासून वाटतं. छताला टेकू देऊन सुतारकाकांनी निरोगी लाकूड लागेपर्यंत कापलं, आणि लांब तिरपा सांधा घेऊन सागाचा तुकडा जोडला. पत्रा बसवताना साधे लोखंडी स्क्रू टाळले. ओल लागली की त्यांच्याभोवती ॲल्युमिनियम झिजतं. खाली पाणी निघायला भोकंही ठेवली.

दार आता एका बोटाने लागतं.