बालमासिकाकडून लेख ‘साभार परत’ येत असेल तर: माझा अनुभव

सुगरण पक्ष्यावरचा माझा लेख एका बालमासिकाकडून दोनदा ‘साभार परत’ आला. भाषा सोपी केली, शब्द निम्मे केले, उपयोग नाही. फार जिव्हारी लागलं.

मी नुसता विषय पाठवत होतो, त्यात गोष्ट नव्हती. मग आधी वर्षभराच्या अंकांच्या अनुक्रमणिका चाळल्या. सुगरण येऊन गेलेली नव्हती. नंतर लेख बाजूला ठेवून पाच ओळींचं पत्र लिहिलं. पहिली ओळ प्रश्नाची: ‘नर अर्धंच घरटं विणून का थांबतो?’ दुसरीत उत्तर: मादी पाहून जाते, तिला पसंत पडलं तरच तो आत-बाहेर जायची खालची नळी पुरी करतो. मग विहिरीवरच्या बाभळीत मी स्वतः काय पाहिलं ते. शेवटी वयोगट आणि शब्दसंख्या. विणीचा (अंडी-पिल्लांचा) हंगाम पावसाळ्यातला, लेख त्या वेळच्या अंकात यावा म्हणून पत्र संपादकांना मार्चमध्येच धाडलं. आठवड्यात होकार आला.