अंदालुसियाची पांढरी गावं: मुक्काम रोंदालाच करा

दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया प्रांतात मालागाला उतरून समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल घ्यायचं आणि एका दिवसाच्या बसटूरने डोंगरातली पांढरी गावं उरकून यायचं, असा बेत असेल तर तो आधी मोडा. टूरच्या बस अकराच्या सुमारास माणसं आणून सोडतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत गोळा करून नेतात. म्हणजे गर्दी आणि ऊन तेवढं तुमच्या वाट्याला येतं.

मुंबईहून मालागाला थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे जाता येतं, नाहीतर माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत मालागा. तिथून रोंदा या डोंगरातल्या गावाला बस आहे. गाडी भाड्याने घ्यायची ती रोंदाहून फिरायच्या दिवसांपुरतीच. शहरांत ती निव्वळ लोढणं.

रोंदाचा पूल, पुएन्ते नुएव्हो, 1793 साली पुरा झाला आणि दरीच्या तळापासून 98 मीटर उंच आहे. पण पुलावर उभं राहून पूल कसा दिसणार? जुन्या गावातल्या मारिया आउक्सिलियादोरा चौकातून खाली पायवाट उतरते. थोडं उतरलात तरी कमानी समोर येतात. उतरणं सोपं, येताना आईचे गुडघे बोलायला लागले. ज्येष्ठ सोबत असतील तर सकाळी लवकर जा आणि पहिल्याच वळणावरून परत फिरा.

गाडी चालवणार असाल तर भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गाडी उजव्या बाजूने चालते, गिअर उजव्या हाताला येतो आणि इंडिकेटर-वायपरच्या दांड्या आपल्या गाड्यांच्या उलट असतात. पहिला तासभर कोरड्या काचेवर वायपर फिरणार, हे धरून चला. ग्रासालेमा गावाहून साहारा गावाला जाणारा रस्ता पालोमास खिंडीतून जातो. आंबेनळी घाट चालवलेल्याला त्यात नवल नाही, फक्त धुकं असेल तर तो दिवस सोडा. ग्रासालेमा हा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे, त्यामुळे छत्री हवीच. खिंडीत थांबलात तर गिधाडं घिरट्या घालताना दिसतील. खाली साहाराच्या किल्ल्याशेजारी धरणाचं हिरवट-निळं पाणी.

सेतेनिलमध्ये घरं कड्याच्या पोटात आहेत, डोक्यावर अख्खा खडक. तिथे किंवा आर्कोसला नकाशा सांगतो म्हणून गाडी गल्लीत घालू नका. आरसे मिटूनही भिंत घासेल अशा गल्ल्या आहेत. गावाबाहेर गाडी लावा आणि चालत जा.

आता शाकाहारी मंडळींचा प्रश्न. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, कारण हॅमला तिथे बरेच जण मांसात धरतच नाहीत. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, ट्यूना मासा नको, असं नाव घेऊन सांगा, कारण साध्या सॅलडवरही ट्यूना येतो. साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं घट्ट गार सूप हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं घालूनच येतं, ते न घालता मागा. आखोब्लांको हे गार सूप मात्र बदाम, पाव आणि लसणाचं. पालक-छोल्यांची भाजी आणि काकवी घातलेली तळलेली वांगी बाबांनी मिटक्या मारत खाल्ली, एरवी ते परदेशात थेपल्यांच्या पिशवीबाहेर जात नाहीत. दुपारी चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री आठच्या पुढेच उघडतात. मधल्या वेळेसाठी खाऊ जवळ ठेवा.

जुलै-ऑगस्ट टाळा, सेव्हियात पारा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. ग्रानादा जोडणार असाल तर विमानाच्या तिकिटापाठोपाठ तिथल्या अल्हाम्ब्रा या किल्ल्याचं तिकीट काढा. ते नावावर असतं, आत जाताना पासपोर्ट लागतो आणि किल्ल्यातल्या नासरी महालांसाठी ठरलेली वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली तर महाल बाहेरूनच बघावे लागतात.