शेवटचा उतार घाईने उतरू नका
लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेचा शेवट दिसू लागला की पाय आपोआप झपझप पडतात. नेमकं तेव्हाच जरा थांबा, काहीतरी खाऊन घ्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. ते थकले की गुडघा दगा देतो, घोटा मुरगळतो. म्हणून पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातातल्या लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रेकिंगच्या काठ्या चढताना ठेवल्या होत्या त्यापेक्षा थोड्या लांब करा. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी पडतात. नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी. आणि कळकळीने सांगतो, 'आता पोचलोच' म्हणून उरलेलं पाणी ओतून देऊ नका. हेडटॉर्चही सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.